कोंडाजीची पानम्हस

माझ्या हातून आयुष्यात तीनच चुका झाल्या, असं मी निवृत्तीच्या भाषणात ठासून सांगितलं होतं. दोन सांगितल्या आणि तिसरीपाशी थांबलो. लोकांना वाटलं, गुरुजींचा कंठ दाटून आला. दाटलाबिटला काही नव्हता. तिसरी चूक झालेलीच नव्हती. तीन हा आकडा भाषणात बरा वाटतो म्हणून म्हटला होता. ती रिकामी जागा भरली गेली मागच्या वैशाखात, माझ्याच ओसरीवर, आणि भरली माझ्याच विद्यार्थिनीने.

मी मुळशी तालुक्यातल्या माले गावच्या शाळेत चौतीस वर्षं विज्ञान आणि भूगोल शिकवला. मूळचा पुण्याचा. निवृत्त झाल्यावर परत जाता आलं असतं, पण पुण्यात मला कुणी घाबरत नाही, म्हणून इथेच राहिलो. ही विद्यार्थिनी म्हणजे दीपाली, वरच्या वाडीतल्या हनुमंताची मुलगी. वाडीतली बाकीची पोरं करवंदं गोळा करायची तेव्हा ही दगड गोळा करायची आणि माझ्या टेबलावर आणून ठेवायची. आता पुण्यातल्या एका संस्थेत जुन्या हाडांचा अभ्यास करते. डॉक्टर आहे, पण ताप आला तर तिचा काही उपयोग नाही, असं हनुमंत सगळ्यांना सांगतो.

नदीचं पाणी खाली गेलं होतं. काठावरचे मातीचे थर बघायला ती आली होती आणि जाता जाता माझ्याकडे चहाला थांबली. हाडांचा विषय निघाला तसा मी तिला गावचा ठरलेला विनोद सांगितला. आमच्याकडे कुणी थाप मारली की लोक म्हणतात, "ही कोंडाजीची म्हस!" भूगावकडचा कुणी जमिनीचा एजंट येऊन "शेजारनं मोठा रस्ता जाणारे" म्हणाला, की पारावरची माणसं एकमेकांना डोळे घालतात आणि म्हणतात, म्हस आली. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, ही म्हण सगळ्यांना ठाऊक असते. आमच्या गावाने त्या म्हशीला मालकही मिळवून दिला. आणि हा विनोद तयार केला मी. हे सांगताना मी मिशीवरून हात फिरवला.

गोष्ट एकोणीसशे एकोणनव्वदची. एक मेचं झेंडावंदन होतं, सगळा गाव शाळेच्या पटांगणात. कोंडाजी तेव्हा बेचाळीस वर्षांचा, चांगला जमीनजुमला असलेला, शब्दाला वजन असलेला माणूस. कुणाचा बांध कुठे, ते मोजणीवाल्याआधी कोंडाजीला विचारत. त्याने त्या उन्हाळ्यात नदीकडच्या शेतात विहीर खणायला घेतली होती. झेंडावंदन झालं आणि तो उपरण्यात काहीतरी गुंडाळून माझ्यापुढे आला. वीतभर लांब, मनगटाहून जाड, तपकिरी-काळा तुकडा.

"मास्तर, ह्ये हाड हाय," तो म्हणाला. "पानम्हशीचं. माजी आजी सांगायची, डव्हात पानम्हस ऱ्हायाची. दिसभर पान्याच्या तळाला चालायची आन तिनीसांजंला गवात खायाला वर यायची."

"पानम्हस नव्हे, पाणम्हैस," मी आधी दुरुस्ती केली. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि दुरुस्तीला मला कारण लागत नसे. मग मी तुकडा हातात घेऊन सगळ्यांना दाखवला आणि माझं गाजलेलं भाषण केलं: हा सगळा सह्याद्री लाव्ह्याचा आहे, लाव्ह्याच्या खडकात हाडं सापडत नाहीत, पुस्तकात लिहिलंय. "का, कोंडाजी, तुमची म्हैस उकळत्या लाव्ह्यात डुंबायला उतरली होती का?"

पटांगण हसलं. ते हसू मला फार आवडलं, म्हणून मी आणखी पुढे गेलो. कोंडाजीची बायको धोंडाबाई बायकांत उभी होती. तिला म्हटलं, "वहिनी, तुम्हीच सांगा, हाड की दगड?" ती पदर सावरत म्हणाली, "मास्तर शिकल्यालं हायेत. त्ये म्हनतील त्ये." पुन्हा हशा. "मग हा घेऊन जा," मी म्हणालो, "लोणच्यावर दडपण म्हणून ठेवा. उत्तम आहे!"

इथपर्यंत सांगून मी दीपालीच्या हसण्याची वाट पाहिली. तिने कप खाली ठेवला.

"गुरुजी, विहीर कशात खणली होती? पाषाणात?"

"वरचे बारा हात गाळ आणि गोटे. मग पाषाण."

"आणि तुकडा पाषाणात मिळाला?"

"छे, गोट्यांत," मी म्हणालो, आणि माझं उत्तर माझ्याच कानावर पडलं.

"म्हणजे नदीच्या गाळात. तो गाळ लाव्ह्याच्या कितीतरी, कितीतरी नंतरचा. त्यात हाडं असू शकतात." ती अगदी हळू बोलत होती, वर्गातल्या ढ मुलाशी मी बोलायचो तशी. "हे तुम्हीच शिकवलंय. नदीचे कार्य. सातवी."

तिच्या कपात साय धरली होती, ती मी बघत बसलो.

माझा विनोद तुम्ही ऐकलात, आता त्याची दुसरी बाजूही ऐका. मला ती धोंडाबाईकडून तुकड्यातुकड्याने कळत आली होती आणि मी ती कानाआड करत आलो होतो. त्या झेंडावंदनानंतर बांधाच्या भांडणात कोंडाजीला कुणी बोलावेना. एका वर्षी बिबट्या ओढ्यापर्यंत आलेला त्याने स्वतः पाहिला, पारावर येऊन सांगितलं. लोक म्हणाले, "बिबट्याच व्हता का म्हस?" आठवड्यात ओढ्याकडेच्या बुधाच्या तीन शेळ्या बिबट्याने नेल्या. त्यानंतर कोंडाजी बातमी सांगेनासाच झाला. पाऊस पडतोय हेसुद्धा तो स्वतः होऊन सांगत नाही. गेल्या साली अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दवाखान्यात पडून होता, तेव्हा धोंडाबाईला म्हणाला, "मी मेलो तरी लोक म्हशीचाच इनोद करत्याल. येकदा कुना जानत्यानं खरं म्हनाया पायजे व्हतं." दुसरं काहीच त्याला नको होतं.

"चला," दीपाली उठली. "अजून असेल का तो तुकडा?"

"छत्तीस वर्षांनी? लोणच्यावर?" मी हसायचा प्रयत्न केला. मग धोंडाबाई दर वर्षी मला जी बरणी देते ती आठवली आणि हसू मधेच राहिलं.

कोंडाजी गोठ्याच्या सावलीत दावं वळत बसला होता. छत्तीस वर्षांत तो माझ्याशी थेट बोललेला नाही. माझ्यासाठी काही सांगायचं असेल तर तिसऱ्याला सांगतो. तिसरा नसला तर म्हशीला.

"रत्ने," तो म्हशीकडे बघून म्हणाला, "मास्तर आल्यात. आज कुनाला दगड ठरवायचं ऱ्हायलंय, इचार."

दीपाली त्याच्यासमोर उकिडवी बसली. माझ्याशी पुस्तकी बोलणारी ही मुलगी क्षणात वाडीची झाली. "आबा, मी हनुमंताची दीपाली. जुन्या हाडांचं शिकल्ये. तुमाला हिरीत घावलं व्हतं, त्ये बघाया आल्ये."

कोंडाजीचे हात थांबले. त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, थट्टा करायला तर आली नाही ना, हे तपासत.

"हाय की," तो म्हणाला. "सयपाकघरात, लोनच्याच्या बरनीवर. मास्तरांनीच जागा नेमून दिलीया." मग आवाज खाली आणून, "मी माळकरी मानूस, पोरी. हाडाखालचं लोनचं. छत्तीस वर्सं जिबंला लावलं न्हाई म्या."

मी मनात छत्तीस बरण्या मोजल्या, सगळ्या चाटूनपुसून संपवलेल्या. कोंडाजी बायकोच्या हातचं लोणचं खात नाही, हे गावाला माहीत होतं. कुणी म्हणे पित्त, कुणी म्हणे हट्ट. हे कारण कुणाच्या स्वप्नात नव्हतं.

"आजीला सांगितलं न्हाई?" दीपालीने विचारलं.

"काय सांगू? चारचौघात म्हनली न्हवं, मास्तर म्हनतील त्ये."

आता मात्र मला पुढचं दिसायला लागलं. धोंडाबाईच्या गळ्यातही तुळशीची माळ आहे. तिचं लोणचं गावात घरोघर जातं, बचत गटाच्या बायका ते भूगावच्या सोसायट्यांत नेऊन विकतात. तुकडा हाड निघाला तर कोंडाजी खरा ठरणार आणि त्याच दमात धोंडाबाईने छत्तीस वर्षं अख्ख्या गावाला हाडाखालचं लोणचं खाऊ घातलं, हेही ठरणार. दडपण ठेवा असं सांगणारा कोण, हे तर सगळ्या पटांगणाने ऐकलेलं.

"राहू द्या का?" मी दीपालीला हळूच म्हटलं.

"रत्ने," कोंडाजी म्हणाला, "मास्तरास्नी सांग, आता न्हाई ऱ्हायाचं."

धोंडाबाई गिरणीवर गेली होती. आमच्याकडे लोणच्याच्या बरणीला पुरुषाने हात लावायचा नसतो. लावला तर लोणचं बुरसतं, आणि बुरसलं की पुढची चार वर्षं त्या पुरुषाचं नाव निघतं. म्हणून कोंडाजी उंबऱ्याबाहेर, मी त्याच्यामागे, आणि दीपाली हात धुऊन, पुसून आत. तिने चिनीमातीच्या मोठ्या बरणीचं फडकं सोडलं, चिमट्याने दडपण बाहेर काढलं आणि ओसरीच्या उजेडात आणलं. तेलाने माखलेला, मोहरी चिकटलेला, काळा. कोंडाजीने मान फिरवली. वासानेही बाटेन, असं त्याला वाटलं असावं.

तिने तो धुतला, पुसला, भिंगातून पाहिला. मग जीभ बाहेर काढली आणि चक्क चाटला.

"अगं!" मी ओरडलो.

"हीच परीक्षा आहे, गुरुजी. जुन्या हाडाला बारीक भोकं असतात, जीभ चिकटते. दगडाला चिकटत नाही." तिने आणखी एकदा जीभ लावली. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे मी आयुष्यभर केलं. उचलली जीभ लावली दगडाला, हे मी पहिल्यांदा पाहत होतो.

"काय लागतंय?" कोंडाजीने तिकडे तोंड करूनच विचारलं.

"मेथी," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "चिकटत न्हाई, आबा. ह्यो दगड हाय. नदीत घासून गुळगुळीत झालेला काळा गोटा."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, खोटं कशाला सांगू, चहाचा एक घोट गिळायला लागतो तेवढा वेळ. मग माझी नजर कोंडाजीच्या हातांवर गेली. अर्धं वळलेलं दावं त्याच्या बोटांतून उलटं उकलत चाललं होतं आणि त्याला ते कळत नव्हतं.

"दगड तर दगड," तो म्हणाला. "बरं झालं. येकदाचं कळलं." त्याने हे म्हशीला नाही, कुणालाच नाही सांगितलं. त्या माणसाच्या तोंडाकडे मला बघवेना. छत्तीस वर्षं मी बरोबर होतो आणि मला त्याची लाज वाटत होती, असली भानगड मला आजवर कधी भेटली नव्हती.

तेवढ्यात दारात आवाज झाला. "बरनी कुनी उगाडली?"

धोंडाबाई डोक्यावर पिठाचा डबा घेऊन उभी होती. आम्ही तिघंही जागच्या जागी उभे राहिलो. मी चौतीस वर्षं शाळा हाकली, पण त्या आवाजापुढे माझे हात आपोआप मागे गेले.

"माझे हात धुतलेले व्हते, आजी," दीपाली म्हणाली.

"तुजं न्हाई म्हनत मी. ह्ये दोगं लांब व्हते न्हवं?" तिने डबा उतरवला. मग तिची नजर दीपालीच्या हातातल्या गोट्यावर गेली. "आन त्यो घिऊन काय बघताय? नदीचा गोटा हाय. धून ठिवा परत."

"ह्योच तुज्या मास्तरांचा दगड," कोंडाजी म्हणाला. "ह्या पोरीनं जीब लावून बघितला. दगडच निगाला. खूश?"

"ह्यो?" धोंडाबाईने कपाळाला हात लावला. "अवो, ह्यो कुटला? त्ये हाड तर मी तवाच काढलं."

मी धडे शिकवताना मुलांना सांगायचो, वाक्यातला महत्त्वाचा शब्द शोधा. कोंडाजीने तो लगेच शोधला.

"काय म्हनलीस?"

"तवाच काढलं म्हनलं."

"त्येच्या आदी."

"हाड," ती म्हणाली. "हाडाला हाड न्हाई तर काय म्हनू?"

ती गोठ्यात गेली, मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात हात घालून एक गाठोडं घेऊन आली. कोंडाजीचं जुनं उपरणं होतं, तेच, झेंडावंदनाचं. आत तो तुकडा. इतक्या वर्षांनी पाहिला तरी मी ओळखला. आपला पराभव माणूस बरोब्बर ओळखतो.

दीपालीने तो घेतला, कडेची धूळ झटकली आणि जीभ लावली. मग ती आमच्याकडे बघून काहीतरी बोलायला गेली, पण नुसतंच "अं अं" झालं. जीभ चिकटली होती.

इथून पुढे मी कोंडाजींना 'ते' म्हणणार आहे. मागचं सगळं 'तो' तसंच राहू दे, माझ्या वहीत लाल शाईने खूण असलेली बरी.

ते पुढे सरकले. "मंग?" ते म्हणाले. "म्हस का न्हाई?"

ते तर मोठं कोडं होतं. दीपालीने पिशवीतून मापं काढायचं यंत्र काढलं, मोडलेली बाजू आमच्यापुढे धरली आणि मग ती दोघांच्या भाषेत आलटूनपालटून बोलायला लागली. मोठ्या जनावराच्या पायाचं हाड, एवढं नक्की. पण बैलाचं, गव्याचं, साध्या म्हशीचं असतं तर मधे नळीसारखी मोठी पोकळी दिसली असती. ती इथे नाही. हत्तीच्या हाडात पोकळी नसते, पण बाहेरची भिंत पातळ आणि आत सगळी जाळी. इथे भिंतच अंगठाभर जाड आणि जाळी मधे चिमूटभर. गेंडा? तिने मोबाइलमध्ये चित्रं काढून मापं ताडून पाहिली, मान हलवली, परत पाहिली. अर्धा तास गेला. धोंडाबाईने तेवढ्यात बरणीत गोटा परत ठेवला, फडकं बांधलं आणि चुलीवर भाकरीचा तवा चढवला.

"इतकं जड हाड कशाला लागतं जनावराला?" दीपाली स्वतःशीच म्हणाली.

"पान्यात तरंगू नी म्हनून," कोंडाजी म्हणाले. "तळाला चालायचं तर वजान नगं?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग मोबाइल खाली ठेवला. "आबा," ती म्हणाली, "अगदी बराबर. पाणघोडा. दिसभर पाण्यात, तळाला पाय टेकत चालतो, अंधारून आलं की वर येऊन गवत खातो. आपल्याकडं हजारो वर्सांपूर्वी होते, पार नायनाट झाला त्यांचा. प्रयोगशाळेत ताडून बघितल्याशिवाय मी कागदावर लिहिणार नाही, पण दुसरं काही बसत नाही इथं."

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला आणि कागदावरही तेच बसलं. पण ते नंतरचं. त्या दुपारी ओसरीवर कोंडाजींनी नुसता तुकडा मांडीवर घेतला आणि त्याच्यावरून हात फिरवत राहिले.

मी शेवटचा प्रयत्न केला. मास्तराची जात. "पण दीपाली, इतक्या वर्षांत हाडात खनिजं मुरून त्याचा दगडच झालेला असतो ना? जीवाश्म. अश्म म्हणजे दगड. म्हणजे एका अर्थी मी..."

"गुरुजी," दीपाली म्हणाली. एवढंच.

मी उठलो. खाकरलो. पटांगण नव्हतं, तीन माणसं आणि एक म्हैस होती, पण मी झेंड्यापुढे उभा राहतो तसा ताठ उभा राहिलो. "कोंडाजीराव," मी म्हणालो, "ते हाड होतं. पानम्हशीचं होतं. तुमचं खरं, माझं चुकलं. येत्या पंधरा ऑगस्टला हे मी सगळ्या गावापुढे सांगणार आहे." पानम्हस हा शब्द मी पानम्हस असाच उच्चारला, आणि जीभ जागेवर राहिली.

कोंडाजींनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी उपरण्याने सरळ पुसलं, लपवलं नाही. मला वाटलं, आता माझ्याशी काहीतरी बोलतील. पण ते वळले स्वयंपाकघराकडे.

"कवा काढलंस बरनीवरनं?"

"त्याच दिशी सांजच्याला," धोंडाबाई भाकरी थापत म्हणाली. "मास्तर बोलले, गावात ऱ्हायाचं म्हनून ठिवलं. मंग तुमी काय बी न बोलता निजाय गेलात. मला वाटलं, ह्यो मानूस हाड म्हनतुया तर हाडच आसंल, ह्येनं कवा खोटं सांगितलंय? तसंच उटले, पाच शेर कैऱ्या वड्यात वतल्या, बरनी राखंनं घासली आन नदीचा गोटा आनून ठिवला."

"पाच शेर," कोंडाजी म्हणाले.

"व्हय. राजापुरी व्हत्या."

"आन मला सांगितलं न्हाईस."

"तुमी इचारलंत कदी?" तिने भाकरी तव्यावर टाकली. "मला वाटलं, मी चारचौघात मास्तरांच्या बाजूनं बोलले म्हनून रुसलायसा. म्हनून लोनचं खात न्हाई. दर साली वाटायचं, आवंदा तरी ऱ्हाग जाईल."

गोठ्यात रत्नीने शेपूट हलवलं. ती बाई छत्तीस वर्षं दर उन्हाळ्यात एका माणसासाठी लोणचं घालत होती आणि तो माणूस सोडून सगळा मुळशी तालुका ते खात होता. त्यात सगळ्यांत जास्त मी खाल्लं होतं. मला त्या क्षणी स्वतःला त्या बरणीत घालून वर गोटा ठेवावासा वाटला.

कोंडाजींनी हाडाचा तुकडा जपून कोनाड्यात ठेवला, हात धुतले आणि चुलीसमोर जाऊन पाटावर बसले.

"वाड," ते म्हणाले.

"काय?"

"भाकरी. आन त्ये वाड."

धोंडाबाईने बरणीचं फडकं सोडायला घेतलं आणि गाठ तिला सुटेना. रोजची गाठ. दीपाली मदतीला गेली तर तिने तिचा हात बाजूला केला. शेवटी सुटली. तिने गोटा काढून बशीत ठेवला, आतून कैरीची मोठी फोड काढली आणि भाकरीवर ठेवली. ताटापाशी उभी राहिली, पदराचं टोक मुठीत धरून.

कोंडाजींनी भाकरीचा तुकडा मोडला, लोणच्याच्या खारात बुडवला, तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिले. आम्ही तिघं त्यांच्या जबड्याकडे बघत होतो, दीपालीने त्या हाडाकडे पाहिलं नसेल इतकं निरखून.

"मास्तर," ते म्हणाले. मला! "बसा. हुबं का? भाकरी खावा." मग बायकोकडे न बघता, "मीठ जरा ज्यादा हाय."

"छत्तीस वर्सं थांबलात त्ये ह्ये सांगाया?" धोंडाबाई म्हणाली, आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिचं रडणं कधी सुरू झालं ते तिलाही कळलं नाही. कोंडाजींनी आणखी एक फोड मागितली.

मी पाटावर बसलो. माझ्या मते मीठ अगदी बेताचं होतं, पण मी दुरुस्ती केली नाही.